'हिस्पॅनिक' म्हणजे नेमकं कोण? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

अमेरिकेत मुलाला सरकारी शाळेत घालायला गेलात की प्रवेशअर्जात दोन प्रश्न लागोपाठ येतात. पहिला: विद्यार्थी हिस्पॅनिक किंवा लॅटिनो आहे का? उत्तर फक्त हो किंवा नाही. मग दुसरा: वंश कोणता? त्याखाली गोरा, कृष्णवर्णीय, एशियन वगैरे चौकटी. पहिल्या प्रश्नावर आपल्याकडची बरीच मंडळी अडखळतात. बाकी सगळ्यांना एकाच यादीत बसवलं आणि या एका समूहासाठी वेगळा प्रश्न काढला, असं का? याचं उत्तर रोमन साम्राज्यापासून वॉशिंग्टनमधल्या सरकारी कचेऱ्यांपर्यंत पसरलेलं आहे. नेहमी विचारले जाणारे प्रश्न इथे एकत्र घेतले आहेत.

हिस्पॅनिक म्हणजे थोडक्यात कोण?

जिचं मूळ स्पॅनिशभाषक देशांत किंवा स्पॅनिश संस्कृतीत आहे अशी व्यक्ती. अमेरिकी सरकारने १९७७ साली केलेल्या व्याख्येत मेक्सिकन, पोर्तो रिकन, क्यूबन, मध्य किंवा दक्षिण अमेरिकेतलं, किंवा अन्य स्पॅनिश संस्कृतीचं वा मुळाचं माणूस असं म्हटलं आहे आणि शेवटी एक पुस्ती जोडली आहे: वंश कोणताही असो. सगळी गोम त्या पुस्तीत आहे.

म्हणजे हा वंश नव्हे?

नव्हे. चार नावं डोळ्यांसमोर आणा. १९९० ते २००० या काळात पेरूचे अध्यक्ष असलेले आल्बेर्तो फुजिमोरी जपानी आई-वडिलांच्या पोटी जन्मले. गायिका सेलिया क्रूझ क्यूबातली, आफ्रिकी वंशाची. पुढे ती अमेरिकेतच स्थायिक झाली. १९९२ चं नोबेल शांतता पारितोषिक मिळवणाऱ्या रिगोबेर्ता मेंचू ग्वाटेमालातल्या माया समाजाच्या, आणि त्यांची मातृभाषा किचे, स्पॅनिश नव्हे. फुटबॉलपटू लिओनेल मेस्सीचे पूर्वज इटलीतून अर्जेंटिनात आलेले. या चौघांचे चेहरे, पूर्वज, घरची भाषा यांत काहीही सारखं नाही. तरी अमेरिकी अर्जातल्या त्या पहिल्या प्रश्नाला चौघांचंही उत्तर 'हो' असं धरलं जाईल.

म्हणून तर दुसऱ्या प्रश्नाशी या लोकांचं कधी जमलं नाही. मिश्र रक्ताच्या मेक्सिकन माणसाने गोऱ्याची चौकट भरायची की मूळनिवासी अमेरिकनाची? लाखो लोक वैतागून 'इतर कोणता तरी वंश' निवडतात. २०२० च्या जनगणनेत ही 'इतर' चौकट एकटी किंवा दुसऱ्या चौकटीसोबत भरणारे ४ कोटी ९९ लाख निघाले, म्हणजे कृष्णवर्णीयांपेक्षाही जास्त. त्यात बहुसंख्य हिस्पॅनिकच. एवढे लोक 'इतर' ठरत असतील तर दोष प्रश्नात आहे, माणसांत नाही, असं माझं स्पष्ट मत आहे.

शब्द मूळचा कुठला?

लॅटिन. आजचे स्पेन आणि पोर्तुगाल ज्या द्वीपकल्पावर आहेत त्याला रोमन लोक 'हिस्पानिया' म्हणत. ग्रीक त्यालाच 'इबेरिया' म्हणत. रोमन सैन्य तिथे इसवी सनपूर्व २१८ मध्ये उतरलं, ते उत्तर आफ्रिकेतल्या कार्थेज या शहर-राज्याशी चाललेल्या युद्धामुळे, आणि पुढची सहाशेहून अधिक वर्षं रोमचा अंमल राहिला. हिस्पानिया हा साम्राज्याचा काही मागासलेला कोपरा नव्हता. तत्त्वज्ञ सेनेका कोर्दोबाचा. सम्राट ट्राजन आजच्या सेव्हियाजवळच्या इटालिका गावचा, आणि त्याच्यानंतर गादीवर आलेल्या हेड्रियनचं घराणंही तिथलंच.

'हिस्पानिया'च्याही मागे गेलं तर वाद सुरू होतो. जास्त ऐकायला मिळणारं मत असं की रोमनांच्या आधी आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरून तिथे व्यापाराला आलेल्या फिनिशियन लोकांनी हे नाव दिलं. त्यांना तिथे ससेच ससे दिसले. त्यांच्या मायदेशात ससा नव्हता, हायरॅक्स नावाचा सशासारखा दिसणारा खडकाळ भागातला प्राणी होता. त्याचंच नाव त्यांनी या सशांना लावलं आणि किनाऱ्याचं नाव पडलं 'हायरॅक्सचा किनारा'. दुसरं मत असं की नावाचा अर्थ 'धातू घडवण्याचा प्रदेश', कारण तिथल्या चांदीच्या खाणींसाठीच तर फिनिशियन एवढ्या लांब येत. दोन्ही मतांना विद्वानांचा आधार आहे. सशाच्या बाजूने एक डोळ्यांना दिसणारी गोष्ट मात्र आहे. हेड्रियनने पाडलेल्या नाण्यांवर हिस्पानिया स्त्रीरूपात रेललेली आहे, हातात ऑलिव्हची डहाळी आहे आणि पायाशी ससा. नावाची व्युत्पत्ती त्याने सिद्ध होत नाही, पण हा मुलूख सशांचा म्हणून रोमनांनाही ठाऊक होता हे दिसतं.

'हिस्पानिया'चंच बोलता बोलता 'एस्पान्या' झालं, म्हणजे स्पेनचे लोक आपल्या देशाला म्हणतात ते नाव. स्पॅनिशमध्ये 'ह' उच्चारत नाहीत, त्यामुळे तिथला माणूस 'इस्पानो' म्हणेल.

पोर्तुगालही हिस्पानियातच होतं. मग पोर्तुगीज हिस्पॅनिक का नाहीत?

रोमन अर्थाने आहेतच. आजच्या पोर्तुगालचा मोठा भाग तेव्हा लुसितानिया नावाचा प्रांत होता. पण बाराव्या शतकात पोर्तुगाल स्वतंत्र राज्य झालं, पुढे कास्तिया आणि आरागोन एकत्र येऊन शेजारी जे बलाढ्य राज्य झालं त्याने 'एस्पान्या' हे नाव स्वतःसाठी घेतलं, आणि जुन्या नावाचा अर्थ आक्रसला. मधली साठ वर्षं, १५८० ते १६४०, दोन्ही देशांचा राजा एकच होता. त्या काळात गोव्याचा व्हाइसरॉयही स्पेनच्याच राजाच्या नावाने कारभार करी. कारभाराची भाषा आणि माणसं पोर्तुगीजच राहिली, म्हणून गोव्यात त्याची आठवण फारशी उरली नाही.

अमेरिकी जनगणना आज पोर्तुगीज आणि ब्राझिलियन मंडळींना हिस्पॅनिक मोजत नाही. कुणी 'मी हिस्पॅनिक' लिहून पुढे 'ब्राझिलियन' असं मूळ लिहिलं तर कार्यालय ते उत्तर नंतर बदलतं. २०२० च्या एका मोठ्या सरकारी पाहणीत हा बदल करायचा राहून गेला, आणि तेव्हा लक्षात आलं की अमेरिकेतले चार लाखांहून अधिक ब्राझिलियन स्वतःला हिस्पॅनिक किंवा लॅटिनो म्हणवतात. व्याख्या एक सांगते, माणसं दुसरं सांगतात.

हे लोक अमेरिकेत कधी आले?

या प्रश्नातच एक समज दडलेला आहे, की सगळे कुठून तरी आले. बरेच जण आधीपासून तिथेच होते. फ्लोरिडातलं सेंट ऑगस्टीन स्पॅनिशांनी १५६५ मध्ये वसवलं. इंग्रजांची पहिली टिकलेली वसाहत, जेम्सटाउन, १६०७ ची. न्यू मेक्सिकोत हुआन दे ओन्यातेबरोबर स्पॅनिश वसाहतकार १५९८ मध्ये पोचले. त्यांचे वंशज आजही तिथे आहेत आणि स्वतःला 'इस्पानो' म्हणवतात.

मग अमेरिका आणि मेक्सिको यांचं १८४६ ते १८४८ चं युद्ध झालं. २ फेब्रुवारी १८४८ रोजी ग्वादालुपे इदाल्गो इथे तह झाला आणि मेक्सिकोने आपला निम्म्याहून जास्त मुलूख गमावला. कॅलिफोर्निया, नेव्हाडा, युटा, ॲरिझोना आणि न्यू मेक्सिकोचा बहुतांश भाग अमेरिकेकडे गेला. टेक्सास आधीच गेलं होतं. बदल्यात दीड कोटी डॉलर. या मुलखात राहणाऱ्या मेक्सिकन लोकांना एका वर्षाची मुदत मिळाली: मेक्सिकोचं नागरिकत्व ठेवा किंवा आपोआप अमेरिकी व्हा. बहुतेकांनी घर सोडलं नाही. तहात त्यांच्या जमिनींना संरक्षण होतं. प्रत्यक्षात इंग्रजीतल्या कोर्टकचेऱ्या, वकिलांचे खर्च आणि जुन्या सनदांचे पुरावे यांत पिढीजात जमिनी हातच्या गेल्या. 'आम्ही सीमा ओलांडली नाही, सीमेनेच आम्हाला ओलांडलं' ही घोषणा चळवळीतले मेक्सिकन-अमेरिकन आजही देतात, ती यासाठी.

१८९८ मध्ये स्पेनशी युद्ध होऊन पोर्तो रिको अमेरिकेकडे आलं आणि १९१७ पासून तिथले लोक अमेरिकी नागरिक आहेत. पोर्तो रिकोहून न्यूयॉर्कला आलेल्या माणसाला 'तुझा व्हिसा कोणता?' असं विचारू नये, तो आपल्याच देशात फिरतो आहे. १९५९ च्या क्रांतीनंतर क्यूबन आले. १९८० च्या दशकात यादवी युद्धांतून पळालेले साल्वादोर आणि ग्वाटेमालाचे लोक आले. आपला इतिहास, आपली कारणं घेऊन आलेले हे वेगवेगळे समाज आहेत.

हा शब्द रुळण्याआधी सरकार त्यांना काय म्हणत असे?

दर दहा वर्षांनी नवं काहीतरी. १९३० च्या जनगणनेत 'मेक्सिकन' हा चक्क वेगळा वंश म्हणून छापला गेला. वंश वेगळा म्हणजे त्या काळच्या अमेरिकेत वेगळ्या शाळा, वेगळे दवाखाने, आणि महामंदीत मेक्सिकन लोकांना गाड्यांत भरून सीमेपार पाठवणं चालूच होतं, त्यात अमेरिकेत जन्मलेली मुलंही गेली. मेक्सिको सरकारने आणि १९२९ मध्ये टेक्सासात स्थापन झालेल्या 'लुलॅक' या मेक्सिकन-अमेरिकनांच्या संघटनेने विरोध केला. १९४० मध्ये ती नोंद काढून मेक्सिकन पुन्हा 'गोरे' झाले.

कागदावर गोरे झाल्याने काय झालं ते एका खटल्यात स्वच्छ दिसतं. टेक्सासच्या जॅक्सन काउंटीत पीट हर्नांडेझ या शेतमजुरावर खुनाचा खटला चालला. त्या काउंटीत पंचवीस वर्षांत मेक्सिकन नावाचा एकही माणूस ज्युरीवर बसल्याची नोंद नव्हती. राज्याचं म्हणणं असं: मेक्सिकन कायद्याने गोरे, ज्युरीही गोरी, मग अन्याय कुठे झाला? पण त्याच कोर्टाच्या इमारतीत पुरुषांसाठी दोन स्वच्छतागृहं होती. एकावर पाटी नव्हती. दुसऱ्यावर 'काळे पुरुष' असं इंग्रजीत आणि त्याखाली 'ओम्ब्रेस आकी', म्हणजे 'पुरुषांनी इकडे', असं स्पॅनिशमध्ये लिहिलं होतं. सर्वोच्च न्यायालयाने आपल्या निकालात ही पाटी नोंदवली. ३ मे १९५४ रोजी निकाल हर्नांडेझच्या बाजूने लागला: गोरे आणि काळे यांच्यापलीकडचा समूहही भेदभावाचा बळी असू शकतो आणि घटनेचं संरक्षण त्यालाही आहे. शाळांमधला वर्णभेद मोडणारा प्रसिद्ध निकाल यानंतर दोनच आठवड्यांनी आला आणि हा निकाल त्याच्या सावलीत गेला, याची मला खंत वाटते.

जनगणनेचं म्हणाल तर १९५० पासून नैर्ऋत्येकडच्या पाच राज्यांत 'स्पॅनिश आडनावं' मोजायला सुरुवात झाली. आडनावांची यादी घ्यायची आणि जुळवायची. लग्नानंतर आडनाव बदललेली बाई सुटली, न्यूयॉर्कमधले पोर्तो रिकन तर यादीच्या बाहेरच.

मग 'हिस्पॅनिक' हाच शब्द कोणी निवडला? राष्ट्राध्यक्ष निक्सननी, असं वाचलं होतं.

ती दंतकथा आहे. निक्सन यांच्या काळात 'स्पॅनिशभाषक लोकांसाठी' म्हणून एक मंत्रिमंडळ समिती नेमली गेली हे खरं, पण शब्द एका माणसाने जाहीर केलेला नाही.

मूळ गरज आकड्यांची होती. १९६० च्या दशकातल्या नागरी हक्कांच्या कायद्यांनंतर शाळा, रोजगार, घरं यांतला भेदभाव सिद्ध करायचा तर किती माणसं, कुठे, कोणत्या अवस्थेत, हे दाखवावं लागे. कृष्णवर्णीयांचे आकडे होते. यांचे नव्हतेच. १९७० च्या जनगणनेत दबावामुळे ऐनवेळी एक प्रश्न घातला गेला, तोही फक्त पाच टक्के कुटुंबांना मिळणाऱ्या लांब अर्जात. त्यात एक पर्याय होता 'मध्य किंवा दक्षिण अमेरिकन'. झालं असं की अमेरिकेच्याच मध्य आणि दक्षिण भागातल्या कित्येकांनी तो पर्याय इमानदारीने भरला. त्या आकड्यावर कुणाचा विश्वास बसेना.

पुढे १९७५ च्या सुमारास आरोग्य, शिक्षण आणि कल्याण खात्यात वंश आणि समूह यांच्या व्याख्या ठरवायला एक समिती बसली. त्यात काम केलेल्या ग्रेस फ्लोरेस-ह्यूजेस यांनी नंतर अनेकदा सांगितलं आहे की 'लॅटिनो'लाही काहींचा पाठिंबा होता, पण मग त्यात इटालियनही येतील अशी शंका होती. 'स्पॅनिशभाषक' म्हणावं तर इंग्रजीच बोलणारी तिसरी पिढी सुटते. 'स्पॅनिश आडनावाचे' म्हणावं तर वर सांगितलेला घोळ. 'हिस्पॅनिक' या सगळ्यांतून उरला. जून १९७६ मध्ये अमेरिकी काँग्रेसने, म्हणजे तिथल्या संसदेने, स्पॅनिश मूळ असलेल्या अमेरिकनांची आकडेवारी गोळा करण्याचा कायदा केला. त्यामागे कॅलिफोर्नियाचे खासदार एडवर्ड रॉयबल होते. १९७७ मध्ये सर्व सरकारी खात्यांना लागू होणारा 'निर्देश क्रमांक १५' आला आणि त्यात 'हिस्पॅनिक' ही अधिकृत वर्गवारी झाली. १९८० मध्ये प्रत्येक घरात हा प्रश्न पोचला, आणि १ कोटी ४६ लाख लोक मोजले गेले. २०२० मध्ये तोच आकडा ६ कोटी २१ लाख होता, दर शंभर अमेरिकनांत जवळजवळ एकोणीस.

कचेरीत बसून कोट्यवधी लोकांना नाव दिलं, अशी टीका होते आणि ती खोटी नाही. पण मोजणीचा आग्रह त्या समाजातल्याच कार्यकर्त्यांनी धरला होता, हेही तितकंच खरं. ज्याची नोंद नाही त्याला शाळा, दवाखाना, मतदारसंघ काहीच मिळत नाही.

हिस्पॅनिक आणि लॅटिनो यांत फरक काय?

हिस्पॅनिक भाषेकडे आणि स्पेनकडे बोट दाखवतो, लॅटिनो भूगोलाकडे, म्हणजे लॅटिन अमेरिकेकडे. माद्रिदचा माणूस हिस्पॅनिक आहे, लॅटिनो नाही. ब्राझीलचा लॅटिनो आहे, हिस्पॅनिक नाही. मेक्सिकन दोन्ही. स्त्रीसाठी लॅटिना.

'लॅटिन अमेरिका' हा शब्दही तसा जुना नाही. १८५० च्या दशकात पॅरिसमध्ये राहणारे चिलेचे फ्रान्सिस्को बिल्बाओ आणि कोलंबियाचे तोरेस काइसेदो यांच्या लिखाणात तो ठळकपणे आला, उत्तरेकडच्या बलाढ्य शेजाऱ्यापासून आपण वेगळे हे सांगण्यासाठी. म्हणून स्पेनच्या जुन्या साम्राज्याची आठवण ज्यांना नको वाटते ते 'लॅटिनो' पसंत करतात. १९९७ मध्ये सरकारनेही 'हिस्पॅनिक किंवा लॅटिनो' असं जोडनाव स्वीकारलं.

आणि लॅटिनेक्स?

पुल्लिंग-स्त्रीलिंग टाळण्यासाठी निघालेला शब्द, विद्यापीठांत जास्त चालतो. प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ च्या पाहणीत स्वतःसाठी तो वापरणारे चार टक्के निघाले. ज्यांना तो हवा आहे त्यांच्यासाठी जरूर वापरा.

फिलिपिनो, हैतीयन वगैरे यांत येतात का?

फिलिपिन्सवर स्पेनचं राज्य तीनशेहून अधिक वर्षं होतं आणि १८४९ च्या हुकुमाने लोकांना यादीतून आडनावं वाटली गेली, म्हणून रेयेस आणि सांतोस तिथे ढिगाने आहेत. तरी त्यांची गणना एशियन म्हणून होते. हैतीची भाषा फ्रेंच आणि क्रिओल, त्यामुळे नाही. त्याच बेटावरचं डॉमिनिकन प्रजासत्ताक मात्र हो.

आडनावावरून ओळखता येतं का?

नाही, आणि हे गोव्या-वसईच्या मंडळींना वेगळं सांगायला नको. फर्नांडिस, रॉड्रिग्ज, गोम्स, लोपिस ही आडनावं पोर्तुगीजांबरोबर कोकणपट्टीत आली. अमेरिकेत अशा माणसाशी दुकानदार एकदम स्पॅनिशमध्ये बोलू लागतो. रोमन लिपीत एक खूण दिसते: पोर्तुगीज रूपाच्या शेवटी 'एस' येतो, स्पॅनिश रूपाच्या शेवटी 'झेड'. पण खूण आडनावाची, माणसाची नव्हे. गोव्याच्या फर्नांडिसनी अर्जात हिस्पॅनिकला 'नाही' आणि पुढे 'एशियन' लिहायचं.

आपला भारतीयांचा या सगळ्याशी काही संबंध?

थेट आहे. १९७० च्या जनगणनेत अमेरिकेतले भारतीय 'गोरे' धरले गेले होते, आणि १९२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंड यांना 'तुम्ही गोरे नाही' म्हणून नागरिकत्व नाकारलं होतं! १९७० च्या दशकात भारतीय संघटनांनीही वेगळ्या नोंदीची मागणी लावून धरली. ज्या निर्देश क्रमांक १५ ने 'हिस्पॅनिक' ही वर्गवारी आणली त्यानेच भारतीय उपखंडाला 'एशियन'मध्ये घातलं, आणि १९८० च्या अर्जावर 'एशियन इंडियन' ही चौकट पहिल्यांदा आली. तुम्ही आज भरता ती चौकट त्याच लढ्यातली.

आणखी एक धागा आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियाच्या इम्पीरियल खोऱ्यात शेती करणाऱ्या पंजाबी पुरुषांना वंशभेदी कायद्यांमुळे गोऱ्या स्त्रीशी लग्न करता येत नसे आणि मायदेशाहून बायको आणता येत नसे. अनेकांनी मेक्सिकन स्त्रियांशी लग्नं केली. त्यांच्या घरी मुलांची नावं मारिया, होसे अशी आणि आडनाव सिंग. कोणत्याही एका चौकटीत ही मुलं मावली नसती.

मेक्सिकोत किंवा पेरूत लोक स्वतःला हिस्पॅनिक म्हणतात का?

सहसा नाही. तिथे माणूस मेक्सिकन असतो, पेरूचा असतो, ओआहाकाचा किंवा कुस्कोचा असतो. विमानातून उतरून अमेरिकेतला पहिला अर्ज हातात पडतो तेव्हा तो हिस्पॅनिक होतो. ओआहाकाहून आलेल्या मिश्तेक या मूळनिवासी समाजातल्या मजुराला स्पॅनिशही परकी असते, त्याच्यावर तर हे नाव दोनदा लादलं गेलेलं आहे: एकदा स्पेनने, एकदा अर्जाने.

मग समोरच्याला काय म्हणावं?

देशाचं नाव घ्यावं: क्यूबन, कोलंबियन, साल्वादोरन. ठाऊक नसेल तर विचारावं, कुणी रागावत नाही. सगळ्यांना सरसकट 'मेक्सिकन' म्हणणं मात्र टाळा. आपल्या घरांत, ऑफिसांत ते सर्रास ऐकू येतं, आणि दर वेळी ते खटकतं. 'चिकानो' हा शब्द मेक्सिकन-अमेरिकनांनी १९६० च्या दशकातल्या चळवळीत अभिमानाने उचलला, पण तो त्यांनी स्वतःसाठी वापरायचा आहे. बाहेरच्याने आपण होऊन चिकटवू नये.

हिस्पॅनिक वारसा महिना १५ सप्टेंबरला, महिन्याच्या मध्येच का सुरू होतो?

कारण १५ सप्टेंबर हा कोस्टा रिका, एल साल्वादोर, ग्वाटेमाला, होन्डुरास आणि निकाराग्वा या पाचही देशांचा स्वातंत्र्यदिन. १६ ला मेक्सिकोचा, १८ ला चिलेचा. १९६८ मध्ये आठवड्यापासून सुरुवात झाली, १९८८ मध्ये त्याचा महिना झाला.

तो वेगळा प्रश्न अर्जात कायम राहणार का?

नाही. मार्च २०२४ मध्ये सरकारने निर्देश क्रमांक १५ पुन्हा बदलला. आता एकच प्रश्न, त्यात सात चौकटी, आणि 'हिस्पॅनिक किंवा लॅटिनो' ही त्यांपैकी एक. हव्या तितक्या चौकटी भरता येतील. 'इतर'मध्ये ढकलल्या गेलेल्यांना यात जागा मिळेल, ही चांगली गोष्ट. आफ्रिकी वंशाच्या लॅटिनो संघटनांची हरकतही रास्त आहे: डॉमिनिकन कृष्णवर्णीय माणसाने फक्त 'हिस्पॅनिक' भरलं तर त्याच्या वाट्याला येणारा वर्णभेद आकड्यांतून गायब होईल. सरकारी खाती नवे अर्ज टप्प्याटप्प्याने आणत आहेत, त्यामुळे सध्या एका कचेरीत जुने दोन प्रश्न आणि दुसरीत नवा एकच प्रश्न दिसला तर गोंधळू नका. दोन्हीकडे आपलं उत्तर तेच राहतं.